खुर्द्याची गणती



 संमेलनाध्यक्षपदाला मी लायक आहे का, असं अध्यक्षाने सुरुवातीला विचारायची रीत आहे. विचारलं असं धरा. 'युद्धकविता : परंपरा आणि प्रवाह' हा विषय मला दिलाय. बारा पानं लिहून आणलीत. त्यातलं पहिलं पान वाचतो, बाकीची राहू द्या.

पानिपताची बातमी सावकारी भाषेत आली हे तुम्हाला ठाऊक आहे. विश्वासराव आणि भाऊसाहेब म्हणजे दोन मोती, मोठे सरदार म्हणजे मोहरा. आणि शिपाई? तो खुर्दा, त्याची मोजदाद नाही. १७६१ सालचा सावकार होता तो, त्याने वही तशी मांडली यात नवल नाही. माझं भांडण कवींशी आहे, आणि ते पस्तीस वर्षांचं आहे. हल्ली आपण शिपायालाही मोती म्हणतो, पण मेल्यावर. जिवंत शिपाई आपल्या कवितेला चालत नाही.

पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात अडकल्या. जवळजवळ पाच महिने. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. पोट म्हणे खा, धर्म आणि गावातली भावकी म्हणे खाऊ नको. कित्येक हिंदी शिपाई नाहीच म्हणाले, स्कर्व्ही अंगावर काढली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्या शिपायासमोर आलेल्या घोड्याच्या मांसावर एक तरी मराठी कविता दाखवा. तिकडे आयझॅक रोझेनबर्ग नावाचा साधा प्रायव्हेट खंदकातल्या उवांवर कविता लिहून गेला. १९१८ च्या एप्रिलमध्ये मारला गेला बिचारा. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे आहे, लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. त्या युद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण गेले. त्यांना उवा झाल्या नसतील?

काल परिसंवादात दीड तास वाद रंगला : जो लढला नाही त्याने युद्धावर लिहावं का? एका बाजूने इंग्रज कवी टेनिसन आला. १८५४ ची बालाक्लाव्हाची घोडदौड त्याने वर्तमानपत्र वाचून लिहिली. दुसऱ्या बाजूने सैनिक-कवी ओवेन आला, पहिलं महायुद्ध थांबायला आठवडा उरला असताना पडलेला. मी मागच्या खुर्चीत गप्प बसलो होतो. आता सांगतो.

मी स्वतः गोळी झाडलेली नाही. मी पलटणीत क्लार्क. १९८७ ला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलो. आमच्यातला एक नाईक माझ्याकडून घरची पत्रं लिहून घ्यायचा, अक्षर वाईट म्हणून. पत्रात युद्ध नसायचं. म्हैस व्याली का, सोसायटीचा हप्ता भरला का, बांधावरच्या आंब्याची वाटणी थोरल्याने मानली का. पुढे सुरुंगावर त्याचा उजवा पाय गेला. गावात सत्कार झाला. एका कवीने त्याच्यावरच कविता म्हटली, आणि तिच्यात चौथ्या कडव्यात हा मेला. हा कुबड्या टेकून समोर उभा! टाळ्या झाल्या. त्यानेही वाजवल्या, कुबडी काखेत धरून.

मी त्याच्या घरी जातो अधूनमधून. नकली पाय त्याला टोचतो, म्हणून कुबड्याच. चप्पल मात्र जोडीने घ्यावी लागते, दुकानदार एक पाय विकत नाही. तर माळ्यावर उजव्या पायाच्या कोऱ्या चपलांची रांग लागलीय. बायको टाकू देत नाही. म्हणते, "डावा पाय गेलेला, ह्याच मापाचा कुणी भेटला तर उपयोगी पडतील की हो, भावजी."

काल वाद घालणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर. लढायला जाऊ नका, त्या माळ्याकडे मान वर करून बघा.

त्या चपलांवर मी कविता लिहिली. एका मोठ्या मासिकाकडे पाठवली. संपादकांनी परत केली, सोबत सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : वीररस कमी पडतो. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय. शांतिसेनेतले सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. त्यांच्यावरची एकही मराठी कविता माझ्या वाचनात आलेली नाही, कारण ते युद्ध जिंकलं की हरलं हेच कुणाला सांगता येईना. विजय नसेल तर यमकही जुळत नाही आपल्याला.

पोवाड्यांचा आढावा राहिला, मुक्तछंदाचा प्रश्नही राहिला. वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. वर्षभरात तालुक्यातल्या फौजी घरांतली पत्रं गोळा करायची असं मनात आहे. कशी, कुठे ठेवायची, ते कार्यवाह बघतील. तुमच्या घरी ट्रंकेत जुनी अंतर्देशीय पत्रं असतील, ५६ एपीओचा, म्हणजे फौजी टपालाचा, पत्ता असलेली, तर रद्दीत घालू नका.

आणि हो, आठ नंबर, उजवा पाय. कुणाच्या माहितीत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.