परसातील कीटक आणि शाळेची नोंदवही

(समुद्रपूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



समुद्रपूरकडील पऱ्हाटी पात्याफुलांवर आली की शेतकऱ्यास पहिली धास्ती वाटते ती गुलाबी बोंडअळीची. ही अळी बोंडाच्या आत शिरून बसते. वरून पाहणाऱ्यास बोंड निरोगीच दिसते. इ. स. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. फवारणी केव्हा करावी, आणि विशेषतः केव्हा करू नये, हे ठरविण्यास मोजणी लागते. कामगंध सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, तेही सलग तीन रात्री सापडले, तर उपाय योजावा असा दंडक कृषिशास्त्रज्ञांनी घालून दिला आहे. आठापर्यंत मोजणे चौथीतील मुलास सहज जमते. अळी शिरलेले फूल नीट उमलत नाही. पाकळ्या चिकटून ते मिटलेल्या गुलाबासारखे दिसते. हीच डोमकळी. ती शोधण्यास मुलांची उंची मोठी सोयीची. मात्र फवारलेल्या शेतात मुलांना मुळीच नेऊ नये.

अशा साध्या नोंदींचे मोल केवढे, याचे उदाहरण दूरदेशीचे आहे. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनी मोनार्क हे फुलपाखरू हिवाळ्यात कोठे जाते, याचा शोध कित्येक वर्षे चालविला. असंख्य स्वयंसेवक फुलपाखरांच्या पंखांस क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवीत असत. १९७५ च्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरात त्यांचे आश्रयस्थान सापडले. परंतु ती फुलपाखरे उत्तरेकडूनच आली, याचा पुरावा हवा होता. १९७६ च्या जानेवारीत अर्कहार्ट तेथे गेले असता चिठ्ठीचे एक फुलपाखरू हाती आले. ती चिठ्ठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, चास्का गावी, एका शिक्षकाने व त्याच्या विद्यार्थ्यांनी मागील ऑगस्टात लावली होती.

मोनार्कचे भाऊबंद येथेही आहेत. नारिंगी पंखांचे, काळ्या किनारीचे फुलपाखरू रुईवर अंडी घालते. परसातील लिंबावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. मोठी होताच तीच हिरवीगार होते. मुलांना ही दोन वेगळी प्राणी वाटतात. त्यांचे समाधान सांगून करू नये; रोज एकाच फांदीकडे पाहू द्यावे. भारतात २०२० पासून सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदींसाठी पाळण्यात येऊ लागला. शाळेची वही तेव्हा कामी येईल.

वहीत तारीख, वेळ, झाड, संख्या आणि पाहणाऱ्याचे नाव एवढेच असावे. कीटकाचे नाव ठाऊक नसेल तर रंग व आकार लिहावा. अंदाजाने लिहिलेले नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट. ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशी ‘आढळले नाही’ असे लिहावे. बहुतेक वह्या येथेच फसतात. रिकामा दिवस मुलास लाजिरवाणा वाटतो, आणि तपासणी जवळ आली की शिक्षकासही वाटतो. मग कोणीतरी चार फुलपाखरे कागदावरच उडवितो. सापळ्याच्या मोजणीत असे घडले तर त्या आकड्यावर एखाद्याच्या शेतात विनाकारण विष पडते.

शाळेच्या आवारात लिंबाचे झाड नसल्यास पावसाळ्याच्या आरंभी लावून घ्यावे. रुई बांधावर असतेच. तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांनी पाने तोडू नयेत, उभ्यानेच पाहावे.