गोधडीचा हिशेब

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



कला या विषयावर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी गोधडीवर बोलायचे ठरवले. काहीजणींना हसू येईल. पाहुणे यायचे म्हटले की आपण जी वस्तू आधी कपाटात दडवतो, तिची कलेत गणना कशी करायची? पण ती आपण का दडवतो, याचाच आज थोडा विचार करू.

आपले हे शहर बाहेरगावच्या माणसांनी भरलेले आहे. आगरी-कोळ्यांची गावे येथे पूर्वीपासून होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, वसाहती उठल्या. बाजार वाशीला आला, त्याबरोबर सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबे आली. १९९२ साली खाडी ओलांडून लोकल आली आणि आणखी माणसे आली. या बहुतेकांच्या बोचक्यात एक तरी गोधडी होतीच. कोणी तिला वाकळ म्हणे, कानडी मुलखाजवळची बाई कौदी म्हणे. नाव काहीही असो, आत आईचे नाहीतर आजीचे जुनेर होते.

गोधडी म्हणजे चिंध्यांचा ढीग, असे ज्यांना वाटते त्यांनी ती कधी शिवली नसावी. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. विरलेला भाग आतल्या थरात जातो, धड भाग वर आणि खाली येतो, काठ कडेला लागतात. सगळे थर जमिनीवर सुरकुती न राहता पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, आधी कच्चे टाके घालायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनामागून चौकोन घालीत मध्यावर यायचे. हात जरा चुकला की मध्यभागी झोळ येतो. टाके दाट का, तर विरलेले कापड आत सरकू नये म्हणून. थरांमध्ये हवा राहते, ऊब येते ती त्यामुळे. आणि धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड घाम टिपते, म्हणून तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी आपल्या आज्या नव्या कापडाला हात लावीत नसत.

आता थोडे गणित. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडी घ्या. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरले, तर दोऱ्याच्या सगळ्या ओळी मिळून ४३२ फूट भरतात. इंचाला तीन टाके धरले, तर साडेपंधरा हजारांवर टाके होतात. एका फुटाला तीन मिनिटे दिली, तरी साडेएकवीस तासांहून अधिक वेळ झाला. धुणे, उसवणे, थर लावणे यांत धरलेलेच नाही. आणि एवढ्या कामाला आपण काय म्हणतो? ‘जुन्या कापडाचंच तर आहे!’

बंगालात याच जातीच्या कामाला कांथा म्हणतात. जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेल्या दोऱ्यांनी त्यावर फुले, हत्ती, रथ उमटत. मानदासुंदरी नावाच्या एका लेकीने एकोणिसाव्या शतकात वडिलांसाठी कांथा भरला आणि त्यावर आपले नाव टाक्यांनी लिहून ठेवले. तो आज गुरुसदय दत्तांच्या संग्रहात आहे. आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या खेड्यातल्या काळ्या स्त्रियांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. या बायकांनीही थंडीसाठी आणि जुनेर वाया जाऊ नये म्हणूनच शिवले होते. पाहणाऱ्याची नजर बदलली, एवढेच.

आपल्या वसाहतींत मात्र दोन अडचणी आहेत. पहिली जागेची. ज्या सासूबाईंना, आजींना हे काम येते त्या आपल्याच घरात आहेत. परंतु सहा फुटांची वाकळ पसरायला दोन खोल्यांत मोकळी जमीन उरत नाही. पलंग, टेबल, दूरदर्शनचे कपाट यांतून सुईला वाट मिळत नाही. हात बसून राहतो आणि विद्या हाताबरोबर जाते. दुसरी अडचण फाटकाची. ‘वाकळ शिवायचीय का, बाई?’ म्हणत दारावर येणाऱ्या बायकांना आता रखवालदार आत सोडीत नाही. चुकून सोडलेच, तर आपण घासाघीस करतो. तशीच गोधडी दुकानात काचेमागे दिसली की सांगितली ती किंमत मुकाट्याने मोजतो.

यंत्रावर शिवू नये असे माझे म्हणणे नाही. सुनेला नोकरी आहे, तिने यंत्र वापरले तर दोष कसला? पण मजुरी ठरवताना तरी तासांचा हिशेब करावा. घरात काम करणाऱ्या बाईचे तास आपण मोजतो, मग शिवणाऱ्या बाईचे का मोजू नयेत?

म्हणून माझी मंडळाला तीन मागण्या आहेत. आठवड्यातून एक दुपार या सभागृहातल्या खुर्च्या उचलून जमीन मोकळी करावी. ज्येष्ठ भगिनींनी शिवावे, तरुणींनी समोर बसून सुई धरावी. बाहेरून बाई बोलावली तर तिला तासावर मजुरी द्यावी. आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव व साल घालावे. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये लांबून आलेल्या कारागिरांच्या वस्तू आपण कौतुकाने पाहतो. घरातल्या हाताचेही कधी नाव घ्यावे.

येताना प्रत्येकीने दोन जुन्या साड्या आणाव्यात, मात्र सुती. नायलॉन घसरते आणि घामही टिपत नाही.