बदल दिसला तरच बोलणारा डोळा

जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडायचं काम आता यंत्राचा डोळा करतो. रंग बघून डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवतो. निवडणीची मजुरी गेलेल्या बाया आमच्या गटांतही आहेत. म्हणून पुढचा डोळा कसा असेल, तेही समजून घेऊ.

साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस फोटो काढतो, समोर काही हललं नाही तरी. नवा सेन्सर असे फोटो काढतच नाही. त्यात हजारो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका आपल्यापुरता उजेड लक्षात ठेवतो आणि तो ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला तरच खबर देतो. प्रमाणात म्हणजे कसं, ते आम्हाला दिव्यावरून उमगलं. अंधाऱ्या खोलीत दिवा लावला की लगेच जाणवतो, भर उन्हात लावला तर कळतही नाही. म्हणून या सेन्सरला ऊन आणि अंधार दोन्ही झेपतं, आणि खबर द्यायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

ही कल्पना माणसाच्या डोळ्यावरूनच आली. अमेरिकेत मीशा माहोवाल्ड या तरुणीने, गुरू कार्व्हर मीड यांच्यासोबत, डोळ्यातला पडदा सिलिकॉनवर उतरवला. त्यावरचा त्यांचा लेख १९९१चा. तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती! २००८ साली झुरिकच्या संशोधकांनी १२८ बाय १२८ ठिपक्यांचा सेन्सर मांडला.

एक खोड मात्र आहे. जे हलत नाही, ते त्याला दिसत नाही. (आपल्या रोजच्या घरकामासारखंच!) पट्ट्यावरून सरकणारा दाणा तो टिपेल. परातीत पडून राहिलेला खडा अजून आपल्यालाच शोधावा लागेल.