दम धरायचा, पण कोणाच्या पैशांवर?

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला अर्थशास्त्र होते, तेही परीक्षेपुरते. पण गेल्या ईदला पुण्याहून आलेल्या मुलाने मला पुन्हा वही-पेन्सिल घ्यायला लावली. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे धाकटीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवले आहेत. मुलगा म्हणाला, "अब्बा, सगळे एनव्हिडियाच्या शेअरमध्ये टाका आणि दहा वर्षे विसरून जा."

ही कंपनी जेन्सन ह्वांग यांनी दोन सहकाऱ्यांसह 1993 मध्ये कॅलिफोर्नियात काढली. व्हिडिओ गेममधली चित्रे पडद्यावर उमटवणाऱ्या चिपा हा तिचा धंदा. पडद्यावरचे लाखो ठिपके एकदम रंगवायचे, तर असंख्य छोटी गणिते एकाच वेळी सोडवावी लागतात. 2006 मध्ये कंपनीने 'कुडा' ही प्रणाली आणली आणि चित्रांची ही चिप इतर गणितांनाही जुंपता येऊ लागली. 2012 मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी अशाच चिपांवर संगणकाला छायाचित्रे ओळखायला शिकवले. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेला हीच चिप लागली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीचे बाजारमूल्य 5 लाख कोटी डॉलरवर गेले.

मुलगा खोटे बोलत नव्हता. पण वहीचे दुसरे पानही भरले. 2007च्या शिखरावर शंभर रुपये गुंतवले असते, तर वर्षभरात त्यांचे वीसही उरले नसते. 2021च्या शिखरावरचे शंभर 2022 मध्ये चाळिसाच्या खाली गेले. चीनमधल्या डीपसीकच्या स्वस्त प्रणालीचा गवगवा झाला, तेव्हा 27 जानेवारी 2025 या एका दिवसात जवळपास 60 हजार कोटी डॉलरचे मूल्य उडाले. चिपा घडवल्या जातात मुख्यतः तैवानात. चीनला विकण्यावर अमेरिकेचे निर्बंध. आणि गूगल, अॅमेझॉनसारखी मोठी गिऱ्हाइके स्वतःच्या चिपाही बनवतात.

आणखी एक उदाहरण सिस्कोचे. इंटरनेटची यंत्रे बनवणारी ही कंपनी मार्च 2000 मध्ये जगातली सर्वांत मौल्यवान ठरली होती. इंटरनेट वाढले, कंपनीचा धंदाही वाढला. पण शेअरचा तो भाव परत दिसायला 2025चा डिसेंबर उजाडला. कंपनी चांगली होती, घेतलेला भाव चांगला नव्हता.

मी मुलाला म्हणालो, "बेटा, एनव्हिडियात ज्यांनी दम धरला त्यांचे भले झाले. पण दम धरायला त्या पैशांची गरज नसावी लागते. धाकटी पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल. फी भरायची तारीख बाजाराचा भाव बघून येत नाही."

तो थोडा रुसला. मग त्याने आपल्या पगारातून झेपतील तेवढेच शेअर घेतले. धाकटीचे पैसे बँकेतच आहेत. आता त्याचा फोन आला की मी आधी तब्येत विचारतो, मग भाव.