प्रेमाची गोष्ट आणि सातबारा

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी डब्याची भाजी निवडत असेल. हातातलं काम चालू ठेवा, नुसता कान इकडे द्या. आम्ही आंबीहून, आपल्या बचत गटांच्या वतीने बोलतोय. कर्जफेड आणि हिशोबाच्या वह्या आज बाजूला ठेवू. आज प्रेमाच्या कादंबऱ्यांवर बोलायचं आहे. हसू नका, हिशोब त्यातही आहेच.

आंबीत कॉलेज आलं, शेजारी एमआयडीसी आली, खोल्या भाड्याने गेल्या आणि आपल्यातल्या काही जणी तिथल्या पोरींना डबे द्यायला लागल्या. त्या पोरींच्या मोबाइलवर आम्ही 'ब्रिजर्टन' नावाची मालिका पाहिली. दोनशे वर्षांपूर्वीचं लंडन, झुळझुळीत झगे, घोडागाड्या, नाचाच्या मेजवान्या आणि प्रत्येक घरात एक उपवर मुलगी. दुसऱ्या भागात तर मुंबईहून आलेल्या शर्मा बहिणी आहेत आणि चक्क हळदही लागते. डबा द्यायला गेलेल्या बाया खाटेवर टेकल्या त्या भाग संपेपर्यंत उठल्या नाहीत. गटात पुढे आठवडाभर तोच विषय.

या गोष्टींचा काळ इंग्रजांच्या इतिहासात 'रीजन्सी' म्हणून ओळखला जातो. राजाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, म्हणून १८११ ते १८२० त्याच्या मुलाने कारभार पाहिला. आपल्याकडे तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता. आपला लोहगड इंग्रजांनी घेतला तो १८१८ साली, म्हणजे याच काळात. तिकडे नाच चालू होते आणि इकडे त्यांच्याच तोफा मावळात येत होत्या. मालिकेत तोफा दिसत नाहीत, ते जाऊ द्या.

या काळावर प्रेमकथा लिहिण्याची लाट खूप नंतरची. जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेने १९३५ पासून अशा कादंबऱ्या लिहिल्या, आणि तिच्या मागून शेकडो जणींनी. त्यांत नायक बहुतेक वेळा ड्यूक असतो, म्हणजे सगळ्यात वरचा उमराव. खरे ड्यूक सगळ्या देशात मोजके होते आणि त्यांतले तरुण, देखणे, बिनलग्नाचे किती असतील ते तुम्हीच ठरवा. आपल्या मालिकांतला प्रत्येक नायक कसा मोठ्या कंपनीचा मालक असतो, तसंच ते.

पण या सगळ्या गोष्टींची जी थोरली आई आहे, ती त्याच काळात राहून लिहीत होती. जेन ऑस्टिन तिचं नाव. तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ सालची. आमच्यापैकी बी.ए. झालेल्यांना हे नाव माहीत होतं. गटात ती गोष्ट आम्ही आपल्या भाषेत सांगितली आणि सांगताना लक्षात आलं की पहिल्या पानापासून त्यात पैसा आहे. कोणाचं उत्पन्न किती, कोणत्या मुलीच्या नावावर किती, सगळे आकडे तिने लिहून ठेवलेत. गटाच्या सचिवाने लिहावेत तसे.

गोष्ट अशी. बेनेट नावाचं कुटुंब. पाच मुली, मुलगा नाही. वर्षाला २,००० पौंड उत्पन्न, म्हणजे खाऊनपिऊन बरं घर. पण जमीन आणि घर पुरुष वारसालाच जाणार, असं आधीच बांधून ठेवलेलं. बापाने डोळे मिटले की सगळं दूरच्या एका चुलतभावाचं. आई आणि पाच मुली दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. थोरल्या दोघी जेन आणि एलिझाबेथ. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या मागे मिळणार ते १,००० पौंड, त्याचं व्याज वर्षाला ४० पौंड.

या पुस्तकात बेनेटबाईला सगळे हसतात. ती सारखी मुलींच्या लग्नाचं बोलते, पाहुण्यांसमोर शोभा करून घेते. आमच्या गटात मात्र तिला कोणी हसलं नाही. एक मावशी म्हणाल्या, "नवरा पुस्तकं वाचत खोलीत बसतो, मग पोरींचं बघायचं कोणी?" आम्हालाही ते पटलं.

तो चुलतभाऊ, कॉलिन्स, घरी येतो आणि एलिझाबेथला मागणी घालतो. ती हो म्हणाली असती तर घर घरातच राहिलं असतं. ती नाही म्हणते. तो तिला ऐकवतो की तुझ्या नावावर इतकं थोडं आहे की दुसरी मागणी येईलच असं नाही. मग डार्सी येतो, वर्षाला १०,००० पौंडांचा मालक. तो तुझं घराणं आमच्यापेक्षा हलकं आहे हे आधी सांगतो आणि मग मागणी घालतो. ती त्यालाही नाही म्हणते. वय पुरतं एकवीसही नाही. पुढे तो सुधारतो, तीही आपलं मत तपासते आणि लग्न होतं. सगळ्या प्रेमकथांत हाच साचा आजपर्यंत चालतो. पण आमच्या बायांना शेवटच्या होपेक्षा आधीचे दोन नकार जास्त आवडले.

धाकटी लिडिया विकहॅम नावाच्या शिपाईगड्याबरोबर पळून जाते, वय जेमतेम सोळा. तो लग्न करायला तयार होतो तो पैसे मिळाल्यावर. डार्सी त्याची देणी फेडतो, लिडियाच्या नावावर रक्कम ठेवतो, त्याला नोकरीतला हुद्दा घेऊन देतो, तेव्हा कुठे लग्न लागतं. हे ऐकून एकीने विचारलं, "मग हुंडाच की हा?" नाव वेगळं, एवढंच.

त्या काळच्या इंग्लंडात बाईचं लग्न झालं की तिच्याजवळचा पैसाअडका नवऱ्याचा होई. श्रीमंत बाप आधी कागद करून थोडंफार राखून ठेवत. सरसकट सगळ्या बायांना स्वतःच्या मिळकतीवर हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. घटस्फोट तर १८५७ पर्यंत पार्लमेंटातून खास कायदा करून घेतल्याशिवाय पुरता सुटत नसे आणि तो खर्च बड्यांनाच झेपे. आपल्या मावळातल्या कुणब्यांच्या घरांत त्याच काळात काडीमोड होती, पाट लावायची रीत होती. झगा घातलेल्या त्या बाईला जे जमत नव्हतं ते आपल्या खापरपणजीला जातपंचायतीपुढे जमत होतं. ती सुखात होती असं आम्ही म्हणत नाही. उन्हातान्हात राबत होती आणि जमीन तिच्याही नावावर नव्हती.

पांढरपेशा घरांतलं चित्र वेगळं होतं. तिथे मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की लग्न उरकलेलं. रमाबाई रानड्यांचं लग्न झालं १८७३ साली, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. म्हणूनच आपल्या जुन्या कादंबऱ्या इंग्रजी प्रेमकथेच्या उलट्या चालतात. तिकडे लग्न लागलं की पुस्तक संपतं. इकडे लग्न आधीच लागलेलं असतं आणि पुस्तक तिथून पुढे रडत जातं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, त्यात विधवांची दुःखं. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?'मधली यमूही तशीच. जिथे मुलीला विचारतच नाहीत, तिथे मागणी आणि नकाराची गोष्ट लिहायची कशी?

जेन ऑस्टिनची ही कादंबरी मराठीत आली १९१३ मध्ये. रूपांतर करणारे कृष्णाजी केशव गोखले. त्यांनी नाव काय दिलं माहीत आहे? 'आजपासून पन्नास वर्षांनी'. आम्हाला त्या नावातच सगळं कळलं. मुलगी स्वतः वर निवडते हे तेव्हाच्या वाचकाला आजचं म्हणून खरं वाटलं नसतं, म्हणून ते पन्नास वर्षं पुढे ढकललेलं असावं.

पण खरी नाही म्हणणारी मुलगी त्याआधीच आपल्याकडे होऊन गेली होती. मुंबईची रखमाबाई. सुतार समाजातली. अकराव्या वर्षी लग्न झालं, ती आईच्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिली. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं तिने नाकारलं. नवरा, दादाजी भिकाजी, १८८४ मध्ये कोर्टात गेला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दादाजीने २,००० रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला तिने बायांची दवाखान्यात सेवा केली.

दोन गोष्टी यात सांगण्यासारख्या. जेन ऑस्टिनचं पहिलं पुस्तक १८११ मध्ये निघालं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं, 'एका बाईने लिहिलेलं' एवढंच छापलं होतं. आणि रखमाबाईने १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या सहीने. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. रखमाबाईच्या आईने दुसरं लग्न करण्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत या मुलीच्या नावावर करून दिली होती. ती निर्भय होती हे खरंच, पण तिच्या पायाखाली जमीनही होती.

जेन ऑस्टिनच्या पायाखाली ती नव्हती. १८०२ मध्ये तिला एका श्रीमंत घरातून मागणी आली, संध्याकाळी ती हो म्हणाली आणि सकाळी उठून नाही म्हणाली. पुढे वडील गेल्यावर ती, तिची बहीण आणि आई, तिघी भावांच्या आधाराने राहिल्या. एका भावाने १८०९ मध्ये राहायला घर दिलं, तेव्हा तिच्या लेखनाला बसकण मिळाली. भाऊ चांगले निघाले. पण भाऊ चांगले निघतील यावर किती जणींनी अवलंबून राहायचं?

आता आंबीत येऊ. आपल्याकडे मुलींचा वाटा बांधून ठेवणारा कायदा नाही. उलट महाराष्ट्राने १९९४ मध्येच बिनलग्नाच्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबरपासून, तो देशभर लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

मग अडतं कुठे? एका कागदावर. हक्कसोडपत्र. एमआयडीसी आली, जमिनीला भाव आला आणि वीस वर्षं ज्या बहिणींची कोणी आठवण काढली नाही त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या. साडीचोळी येते, पेढे येतात, "वडगावला जाऊन येऊ, नुसती सही करायची आहे". आमच्या एका गटातली ताई अशीच आली होती. म्हणाली, "सही नाही केली तर भाऊबीजेला कोणाकडे जाऊ?" कायद्याचं कलम सांगून या प्रश्नाचं उत्तर होत नाही. आम्ही तिला सही कर म्हटलं नाही, करू नको असंही म्हटलं नाही. भावाने म्हाताऱ्या आईबापाचं सगळं केलं असेल आणि बहीण समजून उमजून सोडत असेल, तर तो तिचा निर्णय. पण "तुझ्या लग्नात खर्च झाला तोच तुझा वाटा" हे आम्हाला मान्य नाही. मांडव, जेवणं, मानपान यातलं मुलीच्या नावावर काय राहिलं? आणि गटातून लग्नासाठी उचललेलं कर्ज तिची आईच हप्त्याने फेडत असते, ते आमच्या वहीत दिसतं.

त्या ताईने अजून सही केलेली नाही. तिने भावाला सांगितलं, "कागद घरी ठेव, वाचून सांगते." भाऊ रुसला, आठ दिवसांनी फोन आला, सध्या बोलणं चालू आहे.

गटात आता वाद आहे तो एलिझाबेथच्या मैत्रिणीवरून. शार्लट तिचं नाव, वय २७, रूप बेताचं, घरची गरिबी नाही पण तिच्या नावावर काही नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या त्याच कॉलिन्सला ती दोन-तीन दिवसांत हो म्हणते. प्रेम नाही हे तिला माहीत आहे. घर मिळेल हेही माहीत आहे. कॉलेजच्या पोरी म्हणतात, चुकली. आमच्यातल्या थोरल्या बाया म्हणतात, काय चुकलं? तिने घर मिळवलं, नवऱ्याला दिवसभर बागेत रमवलं आणि आपली खोली वेगळी ठेवली. मंगळवारच्या बैठकीत हा वाद अर्धा तास चालला आणि बचतीचे पैसे मोजायला उशीर झाला.

पुढच्या मंगळवारी बैठकीत हक्कसोडपत्राचा एक कोरा नमुना वाचायला घेणार आहोत. ज्यांच्याकडे असा कागद आला असेल त्यांनी झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. सातबारा आणि फेरफाराचा उतारा असेल तर तोही आणा. नोंदणी कार्यालयात सही झाल्यावर कागद मागे घ्यायचा म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या, म्हणून आधी या. बैठक नेहमीच्या वेळेला आहे, चहा आहे. नमस्कार.