घटकेची भीती आणि आठवड्यांचा उन्माद





मनाचे आजार ठाण्याला नवे नाहीत. येथील मनोरुग्णालय १९०१ सालचे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली तीही येथेच. तरी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पुष्कळ घरांत मनाच्या प्रत्येक दुखण्याला आजही एकच शब्द आहे : टेन्शन. या शब्दाखाली दोन निराळे आजार झाकले जातात. एक चिंतेचा व पॅनिकचा विकार, दुसरा बायपोलर, म्हणजेच द्विध्रुवीय विकार. दोहोंत झोप बिघडते, चिडचिड होते, डोक्यात विचारांची गर्दी उसळते. औषध मात्र दोहोंना एक नाही.

सकाळची गच्च भरलेली लोकल डोंबिवली सोडते आणि दिवा येईपर्यंत एखाद्याची छाती धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, हातांना मुंग्या येतात, आता प्राण जाणार असे वाटते. हा पॅनिकचा झटका. तो साधारणतः १० मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. म्हणजे ४८ मिनिटांचे एक सामायिक पूर्ण होण्याच्या आतच. पहिल्या खेपेस ईसीजी काढावाच. छातीतले दुखणे मनाचे आहे, हे घरी बसून ठरवू नये. पुढे झटक्यापेक्षा झटक्याच्या भीतीचाच जाच वाढतो आणि माणूस लोकल, लग्नसमारंभ, प्रवचनाची गर्दी टाळू लागतो.

बायपोलरचे मोजमाप मिनिटांत होत नाही. उन्माद निदान आठवडाभर टिकतो, सौम्य उन्माद निदान चार दिवस. मग केव्हातरी नैराश्याचे कित्येक आठवडे येतात. खूण पाहायची ती झोपेत. चिंताग्रस्ताला झोप हवी असते, ती येत नाही, आणि सकाळी तो थकलेला असतो. उन्मादातील माणसाला दोन-तीन तासांची झोप पुरते, आणि तो ताजातवाना उठतो.

आपल्या समाजात ही खूण नजरेतून निसटण्याचे एक खास कारण आहे. उन्माद कधी कधी धर्माचा वेष घेऊन येतो. रात्रभर स्वाध्याय, अखंड बोलणे, दुकानाचे भांडवल पणाला लावून घेतलेली बोली, एकाएकी दीक्षेची घोषणा. घरचे त्याला पुण्योदय समजून अनुमोदना करतात. बोली मोठी म्हणून कोणी आजारी ठरत नाही, हेही खरेच. तुलना त्या व्यक्तीच्या नेहमीच्या स्वभावाशी करावी. दीक्षार्थी आज्ञेसाठी वर्षानुवर्षे थांबतो. उन्मादाला उद्यापर्यंतही धीर नसतो, आणि कोणी अडवले तर तो भडकतो.

गफलत महाग पडते ती अशी. रुग्ण बहुधा नैराश्यात किंवा चिंतेत असताना डॉक्टरांकडे जातो. उत्साहाचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत, म्हणून तो सांगत नाही. मग केवळ नैराश्यावरचे औषध सुरू होते आणि त्याने उन्माद उसळू शकतो. काहींना बायपोलरसोबत चिंताविकारही असतो, तर काहींच्या धडधडीचे मूळ थायरॉइडमध्ये निघते. यासाठी तपासणीच्या वेळी घरातील एका माणसाने सोबत जावे आणि जुन्या उत्साही दिवसांची हकिकत मोकळेपणाने सांगावी.

बायपोलरवर १९४९ पासून वापरात आलेले लिथियम हे अद्यापही महत्त्वाचे औषध आहे. ते एक क्षार आहे आणि मूत्रपिंडे त्याला सोडियमबरोबरच हाताळतात. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंडे सोडियम राखून ठेवतात. त्याबरोबर लिथियमही साठते. म्हणून पर्युषणातील अठ्ठाई, पाण्याविना केलेला चौविहार उपवास किंवा नवपद ओळीतील बिनमिठाचे आयंबिल लिथियम घेणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. हात अधिक थरथरणे, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणे, जीभ जड होणे, ही लक्षणे दिसताच तपश्चर्येचा अशक्तपणा समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तपापूर्वी मनोविकारतज्ज्ञांना विचारावे, आणि त्यांनी नाही म्हटले तर उपवास करू नये. औषध परस्पर बंद करणे हा मार्ग नव्हे. त्याने उन्माद परततो.

रात्रीच्या गोळीसाठी चौविहाराचा नियम आड येतो, अशी अनेकांची अडचण असते. डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्यास पुष्कळदा वेळ बदलता येते. जेथे ती बदलता येत नाही, तेथे पच्चक्खाणाच्या आगारांत समाधी टिकविण्यासाठी औषधाची सवलत शास्त्रकारांनीच ठेवली आहे. त्याविषयी गुरुमहाराजांना अवश्य विचारावे.

घरी एक साधी वही ठेवावी : झोपेचे तास, खर्च, मनःस्थिती, झटका किती वाजता आला व किती वाजता गेला. महिन्याभराची अशी वही डॉक्टरांच्या फार कामी येते. ती कोणाकडे न्यावी हे ठाऊक नसेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, अहोरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.