मान मोडली, हे कळतं कधी?

गाडी चालवत ऐकत असाल तर आधी हेल्मेट घाला, मग पुढे ऐका. आजचा विषयच मानेचा आहे.

आमच्या चंद्रपूरकडे "वाघानं मान पकडली" हे वाक्य लहानपणापासून कानावर असतं. मोहफूल वेचायला वाकलेला माणूस, मागून झडप, थेट मानेवर. त्याची बातमी होते, वनविभाग नोंद करतो. पण झाडावरून पडून मान मोडलेल्या माणसाची बातमी गावाबाहेर जात नाही.

माझा मोठा चुलतभाऊ जून महिन्यात जांभळाच्या झाडावर चढला होता. जांभळाची फांदी कशी दगा देते हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. दादालाही माहीत होतं. पडला तेव्हा शुद्धीत होता, हात हलवत होता. "मान दुखते बा," एवढंच म्हणाला. आम्ही त्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं, आणि मोटरसायकलवर मधे बसवून निघालो. रस्त्यात त्याचे हात ढिले पडले.

मानेत मणके सात. जिराफालाही सातच, बरं का! त्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच असं नसतं. बहुतेकांचा शाबूत असतो, आणि म्हणूनच धोका असतो. मोडलेलं हाड हललं की आतली दोरी दबते. हातपाय जातात. इजा वरच्या मणक्यांशी असेल तर श्वासही जातो.

हे किती जणांना होतं? नॉर्वेत नीट मोजलंय. दर 1 लाख लोकांमागे वर्षाला साधारण 12 ते 15 जणांची मान मोडते. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर 22 लाख, गडचिरोली पावणेअकरा लाख. तोच दर लावला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला साधारण चारशे ते पाचशे. पण हा हिशेब जसाच्या तसा घेऊ नका. तिकडे घरात घसरून पडलेले म्हातारे जास्त. आपल्याकडे झाडावरून पडणारे, डोक्यावर मोळी घेऊन घसरणारे आणि हेल्मेट न घालता दुचाकी उडवणारे, म्हणजे कमावते लोक.

आणि मोजायचं तर आधी सापडायला हवं. साध्या एक्स-रेत मानेचं फ्रॅक्चर सुटू शकतं, सीटी स्कॅन लागतो. भामरागडकडच्या गावातून सीटी मशीनपर्यंत पोचायचं म्हणजे काय, ते तिकडच्यांना विचारा. शोधग्रामला, बंग डॉक्टरांच्या 'सर्च'च्या दवाखान्यात, मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन मणक्याची ऑपरेशनं करत आले आहेत. मोठं काम आहे. पण मोडलेली मान शिबिराची तारीख बघून मोडत नाही.

मग त्या पहिल्या तासात काय करायचं? पडलेल्याला उठवू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. 108 ला फोन लावा. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं. श्वास चालू आहे का बघत राहायचं, कारण श्वास सगळ्यात आधी. गाडी येणारच नसेल तर तीन-चार जणांनी मिळून, डोकं, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून त्याला फळीवर घ्यायचं. घराचं दार काढलं तरी चालतं. नुसती सुतळीची बाज नको, ती मधे झोळ खाते. बाजेवर फळी टाका. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा. मोटरसायकल तर नकोच नको.

दादाची इजा पडताना झाली की गाडीवर, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आता तो चाकाच्या खुर्चीत असतो, एक हात थोडा चालतो, मोबाईल त्याच हातानं वापरतो. हा भाग करू का म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, "कर ना. पण गाडीवर बसवणारा तूच होतास, हे सांगजो."

सांगितलं, दादा.